कागदावरचा थोरला भाऊ

मी भित्रा माणूस आहे. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे कुणी माझ्याकडून शौर्याची अपेक्षा ठेवायला नको. लहानपणी मास्तरांची भीती, मुंबईत पोलिसांची, आणि ओमानला आल्यावर कागदांची. कागद म्हणजे व्हिसा, लेबर कार्ड, पासपोर्ट. सोहारच्या ज्या फुटबॉल क्लबात मी सतरा वर्षं काढली, तिथे माझ्या व्हिसावर ‘क्लीनर’ असं लिहिलेलं होतं आणि मी करत होतो मालिश. जर्सी धुणं, बूट पुसणं, बर्फ फोडून पिशव्यांत भरणं हीही कामं होतीच, पण क्लबाने मला ठेवलं होतं ते माझ्या हातांसाठी. मुंबईच्या एका जिमखान्यात नऊ वर्षं मी खेळाडूंच्या पोटऱ्या रगडल्या होत्या. कुणीतरी साहेब येईल, क्लीनरच्या हातात तेलाची बाटली कशाला असं विचारेल आणि पुढच्या विमानात बसवून देईल, हे चित्र मी रोज अंघोळ करताना मनात पाहायचो.

त्यात माझ्या पासपोर्टावरची जन्मतारीख खोटी. एक जून. आता माझ्या पिढीतला निम्मा महाराष्ट्र एक जूनलाच जन्मलेला आहे, त्याचं काही नवल नाही; शाळेत नाव घालताना मास्तर तीच तारीख टाकून मोकळे व्हायचे. पण माझं सालसुद्धा खोटं होतं. शाळेच्या वाटेवर एक व्हाळ होता, पावसात तो फुगायचा, आणि वडिलांचं म्हणणं असं की थोरल्याने धाकट्याचा हात धरून तो ओलांडावा, म्हणजे दोघांना एकदमच पहिलीत घाला. मास्तरांनी माझं वय दोन वर्षांनी वाढवून टाकलं. आई मात्र शेवटपर्यंत सांगायची, “गावात पयली यष्टी इली ना, त्या सालचो तू. लावणीच्या दिसातलो.” गावात याला कुणी फसवणूक म्हणत नाही. पण मस्कतच्या विमानतळावर त्या काचेमागच्या अधिकाऱ्याने माझा पासपोर्ट हातात घेऊन माझ्याकडे पाहिलं, तेव्हापासून ती दोन वर्षं माझ्या मानेवर बसली होती. कुणी वय विचारलं की मी विषय बदलायचो.

कोरियन आला तो नव्वदीच्या मधल्या वर्षांत, थंडीच्या सुरुवातीला. फॉरवर्ड होता, तिशी ओलांडलेला. त्याच्या देशात त्याने खूप गोल केले होते म्हणे. आता पाय उतरणीला लागले होते, म्हणून आमच्यासारख्या क्लबाच्या वाट्याला आला. आमचे बाकीचे खेळाडू म्हणजे कुणी पोलिसात, कुणी कस्टममध्ये, कुणी बापाच्या खजुराच्या बागेत. अस्रची, म्हणजे तिसऱ्या प्रहरची, नमाज झाली की आपापल्या गाड्या घेऊन यायचे, हसत-खिदळत खेळायचे आणि घरी जायचे. हा त्यांच्या आधी तासभर येऊन एकटा धावायचा. मैदानात पाऊल टाकण्याआधी पांढऱ्या रेषेवर थांबायचा आणि कमरेत वाकायचा. मग चेंडू एकाच कोपऱ्यात पन्नास वेळा मारायचा, आणि एकावन्नावा बाहेर गेला की स्वतःच्या मांडीवर अशी चापट द्यायचा की मैदानाच्या दुसऱ्या टोकाला मी दचकायचो. हसणं नाही, बोलणं नाही. मला त्याची धास्तीच वाटायची.

तिसऱ्या दिवशी तो माझ्या टेबलावर पालथा पडला. मी पोटरीला तेल लावलं आणि अंगठे टेकवले, तोच त्याने मान वळवून विचारलं, “यू. हाऊ ओल्ड?”

याला कशाला हवंय माझं वय? क्लबाने चौकशीला पाठवलंय की काय? मी पासपोर्टावरचं साल सांगितलं, तारखेसकट, पाठ केल्यासारखं. तो बोटांवर काहीतरी मोजत राहिला. मग टेबलावरून उतरला, आणि अर्धी चड्डी, एक पाय तेलाने माखलेला, अशा अवतारात माझ्यापुढे ताठ उभा राहून खाली वाकला.

“ह्यंग,” तो म्हणाला. मग स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं. “स्मॉल ब्रदर.” आणि दोन्ही तळहात माझ्याकडे करून, “बिग ब्रदर. इलेव्हन मंथ.”

त्यांच्यात दोन पुरुष भेटले की आधी वयाचा हिशोब लागतो, हे मला पुढे कळलं. एकदा ठरलं की जो मोठा तो कायमचा ह्यंग, म्हणजे थोरला भाऊ. त्याचा शब्द मोडायचा नाही, त्याच्या आधी घास घ्यायचा नाही, त्याला चहा द्यायचा तर दोन्ही हातांनी. तो क्लबात सगळ्यांत जास्त पगार घेणारा आणि मी त्याची चड्डी धुणारा, याने काही फरक पडत नव्हता. आणि खरं पाहिलं तर मीच त्याच्यापेक्षा वर्षा-सव्वा वर्षाने धाकटा! त्याच वेळी हसून सांगून टाकायला हवं होतं. पण सांगायचं म्हणजे पासपोर्ट खोटा आहे हे एका परक्या माणसाला सांगायचं. मी नुसती मान डोलावली, आणि तो पुन्हा टेबलावर चढला.

त्या मोसमात तो दुपारी माझ्या खोलीवर जेवायला यायचा. सोबत त्याची आंबवलेल्या कोबीची बरणी, आणि माझ्याकडे सुकटीचं कालवण. तिखटात मला हरवणारा तो पहिलाच परदेशी. मी पहिला घास घेतल्याशिवाय त्याचा हात ताटाकडे जात नसे. एकदा मी गंमत म्हणून मुद्दाम वेळ काढला, उगाच पाणी भरत बसलो. तर हा दोन तासांच्या सरावानंतर भुकेला, समोर भाताची वाफ निघतेय, आणि मांडी घालून गप्प बसलेला. मलाच लाज वाटली. खोटं बोलून मिळवलेला मान घशाखाली उतरत नाही, पण सवय मात्र त्याची लागते. हळूहळू मला आवडायला लागलं. घरी मी सगळ्यांत धाकटा, माझं कधी कुणी ऐकलेलं नव्हतं.

मोसमाच्या शेवटच्या सामन्याच्या आदल्या दिवशी त्याचा उजवा गुडघा सोललेल्या नारळाएवढा सुजला. मी बोटांनी चाचपलं आणि मला कळलं की आत काहीतरी सुटलेलं आहे, जागेवर नाही. हे बोटांना कळतं, ते समजावून सांगता येत नाही. सामन्याच्या दिवशी आमचे अर्बाब, म्हणजे क्लबाचे मालकच म्हणायचे, ड्रेसिंग रूमच्या दारात उभे होते. अंगात पायघोळ पांढरीशुभ्र दिशदाशा, हातात काठी. त्यांनी विचारलं, “यल्ला, खेळणार ना?” कोरियनने त्यांच्याकडे पाहिलंच नाही. त्याने माझ्याकडे पाहिलं.

“ह्यंग. आय प्ले?”

मी अर्बाबांकडे पाहिलं. माझा व्हिसा त्या महिन्यात नव्याने शिक्का मारायला त्यांच्या टेबलावर पडलेला होता. मी म्हणालो, “इन्शाल्ला. नो प्रॉब्लेम.”

विसाव्या मिनिटाला तो पडला. कुणाचा धक्का नाही, काही नाही. गोलकडे तोंड करून वळला आणि पाय जागेवरच राहिला. तो ओरडला तो आवाज मला अजून ऐकू येतो. त्यानंतर तो पुन्हा कधी खेळला नाही. कुबड्या घेऊन देशाला परत गेला, आणि जाताना त्या कुबड्या भिंतीला टेकवून, एका पायावर तोल सावरत मला वाकला. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

मधली सात-आठ वर्षं मी तिथेच होतो. माझ्या व्हिसावर शिक्के पडत गेले. सोहारला मोठं बंदर झालं, कारखाने आले, पुण्या-मुंबईचे इंजिनियर आले, आणि बाजारात कोथिंबीर रोज मिळायला लागली. त्याच्या देशात वर्ल्ड कप झाला तेव्हा मी चहाच्या दुकानात उभा राहून टीव्हीवर लाल कपड्यांतल्या त्या गर्दीत त्याचं तोंड शोधायचो. तो जिवंत असेल, गुडघा बरा असेल, एवढंच मला पाहायचं होतं. दिसला नाही.

आणि मग एक दिवस अर्बाब म्हणाले, नवीन कोच येतोय, तुझ्या ओळखीचा आहे.

तो जाड झाला होता, कानशिलावर केस पांढरे, उजव्या पायाने किंचित लंगडायचा. न बोलणारा माणूस आता दिवसभर ओरडत होता. एवढ्या वर्षांत तो तिकडे ज्युनियर संघांना शिकवून तयार झाला होता. त्याने आल्या आल्या सराव दुप्पट केला, उशिरा येणाऱ्याला मैदानाला दहा चकरा, मोबाईल वाजला तर वीस. पोलिसात हवालदार असलेली माणसं त्याच्यापुढे चळचळा कापायची. पण पहिल्या दिवशी फाटकातून आत आला तो सगळ्या संघासमोर थेट माझ्यापाशी, हातात धुण्याची बादली घेऊन मी उभा, आणि कमरेत वाकला. “ह्यंग.” माझ्या हातातली बादली हिंदकळून चपला भिजल्या.

झालं, तेव्हापासून सगळ्या संघाला कळलं की हा वाघ एकाच माणसाला मानतो. आमचा कॅप्टन बलुची होता, हिंदी छान बोलायचा. तो रोज येऊन माझ्या गळ्यात पडायचा, “चाचा, कोच को बोलो ना, गुरुवार की छुट्टी दे दे. आप बोलोगे तो वो ना नहीं करेगा.” मला ठाऊक होतं, तो नाही म्हणणार नाही. म्हणूनच मी कधी काही बोललो नाही. एकदा बोललो होतो, त्याचा गुडघा गेला. तोंड बंद ठेवायचं हे मी ठरवूनच टाकलं होतं.

दुसऱ्या मोसमात आमचा संघ चांगला खेळत होता. फेब्रुवारीत एका शुक्रवारी दुपारी सामना होता, जिंकलो तर वरच्या डिव्हिजनमध्ये जाणार. हरलो तर कोचचा गाशा गुंडाळला जाणार, हेही अर्बाबांनी स्पष्ट सांगितलेलं. त्या शुक्रवारच्या आधीचा रविवार. सराव चालू होता आणि मी गोलच्या मागे पाण्याच्या बाटल्या लावत होतो. ओरडता ओरडता तो एकदम थांबला, गोलच्या खांबाला धरून उभा राहिला आणि उजव्या हाताने डावा दंड चोळायला लागला. हवा गार होती, तरी कपाळावरून घामाच्या धारा.

तो दंड चोळणारा हात मी ओळखत होतो. दोन वर्षांपूर्वी माझ्या खोलीत श्रीवर्धनकडचा एक सुतार राहायचा, चाळिशीचा, हाताने चांगला, स्वभावाने मोकळा. असाच दंड चोळायचा. म्हणायचा, “गॅस झालाय रे, दुसरं काय?” हॉस्पिटलात जा म्हटलं तर म्हणे, “आणि अनफिट ठरवून घरी धाडलं म्हणजे? दोन पोरींची लग्नं तू करणार?” आखातात आम्हा सगळ्यांना गॅसच होतो, दुसरा रोग परवडत नाही. एका शुक्रवारी जेवण करून, सोडा पिऊन तो आडवा झाला आणि अस्रच्या अजानला उठलाच नाही. त्याची पेटी विमानावर चढवायला मीच गेलो होतो. पेटीवर त्याचं नाव चुकीचं लिहिलं होतं आणि ते दुरुस्त करून घ्यायचीही हिंमत मला झाली नाही.

संध्याकाळी कोच टेबलावर आला तेव्हा मी विचारलं, “कधीपासून?” तो म्हणाला, “गॅस.” अगदी तोच शब्द, सात समुद्रापलीकडच्या माणसाच्या तोंडी. मी हॉस्पिटल म्हणताच त्याने माझं मनगट धरलं. “ह्यंग, नोबडी. प्लीज. फ्रायडे मॅच. आफ्टर मॅच, हॉस्पिटल. प्रॉमिस.” डोळ्यांत नुसती विनवणी. मी मान डोलावली. मान डोलावणं मला फार लवकर जमतं.

ते पाच दिवस मी कसे काढले ते माझं मला ठाऊक. तो जिना चढताना मी खालून मोजायचो, कितव्या पायरीवर थांबतो. सोमवारी नवव्या, बुधवारी पाचव्या. त्याच्या नखांचा रंग बघायचो. अर्बाबांना सांगावं, तर ते त्याच दिवशी त्याला काढतील आणि तो मला कधी माफ करणार नाही. न सांगावं, तर पुन्हा एक पेटी. आणि मी काही सांगितलं आणि तेही गुडघ्यासारखंच चुकीचं निघालं तर? घशातून भात उतरेना. दुपारी तो जेवायला यायचा आणि मी घास घेईपर्यंत थांबायचा, म्हणून मी कसेबसे चार घास गिळायचो. मी जेवलो नाही तर हाही उपाशी राहील, अशी ती तऱ्हा. मला वाटायचं, कुणीतरी मोठं माणूस यावं आणि काय करायचं ते सांगावं. आणि मग आठवायचं की इथे मोठं माणूस म्हणजे मीच.

शुक्रवारी सामना चारला होता. तीनला ड्रेसिंग रूममध्ये सगळे जमले. अर्बाब दारात, कॅप्टन बुटाच्या नाड्या बांधतोय, आणि कोच फळ्यावर खडूने रेघा ओढतोय. बोलता बोलता त्याचा हात खाली आला आणि खडू पडला. तो उचलायला वाकला आणि वाकलेलाच राहिला. चेहरा राखेच्या रंगाचा, ओठ निळसर. तरी उभा राहिला, हसायचा प्रयत्न केला आणि म्हणाला, “नो प्रॉब्लेम. स्टार्ट.”

खोटं नाही सांगत, मला लघवीला झाल्यासारखं वाटलं. पण मी पुढे गेलो आणि त्याच्या दुसऱ्या हातातला डस्टर काढून घेतला. “नो मॅच,” मी म्हणालो. “हॉस्पिटल. नाऊ.”

“आफ्टर मॅच, ह्यंग.”

“नो.”

अर्बाब चिडले. तू कोण यात बोलणारा, तुझं काम कपडे धुवायचं, असं काहीतरी अरबीत म्हणाले. त्यांच्याकडे पाहिलं असतं तर मी गळाठलो असतो, म्हणून पाहिलंच नाही. मी कोचकडे बघत राहिलो आणि जन्मात पहिल्यांदा तो खोटा मान मुद्दाम वापरला. “आय ह्यंग,” मी म्हणालो. “ह्यंग से, गो. यू गो.”

तो माझ्याकडे बघत राहिला, आणि मग त्याने मान खाली घातली. बस्स. दहा डॉक्टरांनी सांगून हलला नसता, तो माझ्या पाठोपाठ निघाला. कॅप्टनने एका पायात बूट, एका पायात चप्पल अशी गाडी काढली. रस्त्यात कोच माझ्या खांद्यावर डोकं टेकून होता आणि त्याचा घाम माझ्या सदऱ्यातून आत झिरपत होता. प्रत्येक सिग्नलला मी त्याच्या नाकाखाली बोट धरून पाहायचो. हॉस्पिटलच्या दारात आम्हाला सोडून कॅप्टन परत गेला. अकरांतला एक कमी पडून चाललं नसतं.

डॉक्टर मल्याळी बाई होत्या, पन्नाशीच्या, भराभर बोलणाऱ्या. ईसीजीची पट्टी निघाली, त्यांनी ती उजेडाकडे धरून पाहिली आणि माझ्याशी हिंदीत बोलू लागल्या. हार्ट अटॅक आहे, चालू आहे. रक्ताची गाठ विरघळवायचं इंजेक्शन आत्ता दिलं तर वाचण्याची शक्यता बरीच. पण शंभरात एखाद्याला त्याने मेंदूत रक्तस्राव होतो, ते सांगणं माझं काम आहे. मस्कतला हलवायचं म्हटलं तर अडीच तास, तेवढा वेळ मला दिसत नाही. पेशंटला विचारा, हो की नाही, आणि सही घ्या. लवकर.

मी त्याला मोडक्यातोडक्या इंग्रजीत सगळं सांगितलं. मेंदूचं सांगताना मी स्वतःच्या डोक्याला हात लावला. त्याने ऐकलं. त्याचे दात एकमेकांवर वाजत होते. त्याने पेन हातात घेतलं, कागदावर टेकवलं आणि तिथेच थांबला.

“ह्यंग,” तो म्हणाला. “आय स्केअर. यू से. यस, नो. यू से, आय साइन.”

दहा वर्षांपूर्वी असंच विचारलं होतं, तेव्हा गुडघा होता. आता याचं सगळं आयुष्य माझ्या एका शब्दावर ठेवून हा वाट बघत होता. कुणाच्या शब्दावर? एका मास्तराने शाळेच्या रजिस्टरात दोन वर्षं जास्त लिहिली त्याच्या जोरावर. मला ते सहन होईना. आणि मी जे केलं ते प्रामाणिकपणा म्हणून केलं असं कुणाला वाटू नये. मी ते पळून जाण्यासाठी केलं.

“नो ह्यंग,” मी म्हणालो. “आय नो ह्यंग. पासपोर्ट लाय. स्कूल टीचर, टू इयर, लाय. आय स्मॉल. यू बिग. सॉरी. यू बिग ब्रदर. यू से.”

डॉक्टरबाई घड्याळ बघत होत्या. तो माझ्याकडे बघत होता, आणि मला वाटलं आता हा थुंकेल माझ्या तोंडावर. एवढी वर्षं वाकवला मी त्याला. सगळ्यांसमोर, कुबड्यांवरसुद्धा. त्याने डोळे मिटले. छातीत कळ आली असावी, कारण त्याचे ओठ ताणले गेले. मग डोळे उघडले.

“आय ह्यंग?”

“यस.”

“शुअर?”

“यस. वन इयर. लिटल मोअर.”

त्याने माझा सदरा मुठीत धरला आणि मला खाली ओढलं, त्याच्या तोंडापाशी. “ओके,” तो म्हणाला. “आय ह्यंग. नाऊ ह्यंग ऑर्डर. यू से. यस, नो. यू.”

पळायला आता जागाच उरली नव्हती. थोरल्याने सांगितलं होतं, आणि धाकट्याने मोडायचं नसतं, हे त्यानेच मला इतकी वर्षं करून दाखवलं होतं. मी त्याच्या नखांकडे पाहिलं. बोटांनी त्याचं मनगट चाचपलं. नाडी पळत होती, मध्येच एखादा ठोका गाळत होती. मला काही ज्ञान नाही, मी पोटऱ्या रगडणारा माणूस. पण थांबलो तर तो जाईल एवढं माझ्या बोटांना कळलं, आणि या वेळी मी त्यांचं ऐकायचं ठरवलं.

“यस,” मी म्हणालो.

“क्या?” डॉक्टरबाईंनी विचारलं. माझा आवाज निघालाच नव्हता.

“यस. दे दो, मॅडम. दे दो.”

त्याने सही केली. त्यांच्या लिपीत, तीन चौकोनी अक्षरं, तिसरं कागदाच्या बाहेर गेलेलं.

ते इंजेक्शन बाटलीतून तासभर थेंब थेंब जातं. मला पडद्याच्या आत उभं राहू दिलं, कारण त्याने माझा सदरा सोडलाच नव्हता. मी मशीनकडे पाहिलं नाही, मला त्यातलं काही कळत नाही. मी फक्त त्याच्या तोंडाकडे बघत होतो. ते वाकडं होतंय का, एका बाजूला ओघळतंय का. शंभरात एक. मी मनात आकडे मोजत होतो आणि शंभरापर्यंत पोचलो की पुन्हा एकपासून सुरू करत होतो. मधे एकदा मशीन जोरात वाजलं, दोन नर्स धावत आल्या, मला बाजूला ढकललं, आणि माझ्या सदऱ्याची दोन बटणं त्याच्या मुठीत राहिली. मी भिंतीला पाठ लावून उभा होतो. देवाचं नाव घ्यायचं सुचेना. मी मनात म्हणत होतो, याला जगव, मला उद्याच्या विमानाने पाठव, अर्बाबांना व्हिसा फाडू दे, हवं तर पासपोर्ट जाळ. जन्मभर जे जपलं ते सगळं मी त्या भिंतीपाशी देऊन टाकत होतो, आणि मागायला फक्त एक गोष्ट होती.

मशीन शांत झालं. नर्सेस गेल्या. बाटली संपत आली तेव्हा त्याच्या ओठांवरची निळाई कमी झालेली मला दिसली. आधी वाटलं दिव्याचा उजेड असेल. मग त्याने डोळे उघडले, इकडे तिकडे पाहिलं, मी दिसलो.

“स्कोअर?” तो म्हणाला.

मी गोंधळलो. “व्हॉट?”

“मॅच. स्कोअर?”

सामना सुरू झाला असेल, अर्धा संपला असेल, हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. माझा मोबाईल क्लबात राहिला होता. “आय डोन्ट नो,” मी म्हणालो.

“डोन्ट नो?” त्याचे डोळे मोठे झाले. आणि मग त्याने सुरुवात केली. इंग्रजी नाही, सगळं कोरियन, क्षीण आवाजात, पण न थांबता. एकही शब्द कळत नव्हता, पण अर्थ सगळा कळत होता. अरे गाढवा, एवढा वेळ इथे उभा राहून काय केलंस? एक फोन करता येत नाही? मधे मधे बोटाने दाराकडे दाखवत होता, जा, विचारून ये. एवढ्या वर्षांत त्याने माझ्यापुढे कधी आवाज चढवला नव्हता. थोरला भाऊ धाकट्याला झापतो तसं तो मला झापत होता, आणि मी मान खाली घालून, हात बांधून उभा होतो आणि माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

नर्स पडदा सारून आत आली आणि माझ्यावर चिडली. पेशंटला बोलू देऊ नका म्हणून सांगितलंय ना?

“बोलने दो, सिस्टर,” मी म्हणालो. “उसको बोलने दो.”